तीन मिनिटांत गोठलेला ग्रॅनाइट आणि इतर थापा

भाचीने विज्ञान प्रदर्शनासाठी केलेला तक्ता माझ्याकडे नजर टाकायला आला. विषय 'खडक कसे तयार होतात'. वरच्या अर्ध्या भागात खडकांच्या चक्राचे नेटके चित्र, बाण वगैरे सगळे जागच्या जागी. आणि खाली लाल चौकटीत, मोठ्या अक्षरांत: 'पृथ्वीचा पाया फक्त तीन मिनिटांत तयार झाला! विज्ञानाने दडवलेले सत्य.' हे कुठून आणलेस असे विचारले, तर म्हणाली, "मामा, ग्रुपवर आलंय. सगळ्यांना आलंय."

सगळ्यांना आलेय हे खरेच. मलाही आले होते, आणि मी नेहमीप्रमाणे न वाचता पुढे सरकलो होतो. या वेळी बसून वाचले.

मजकूर लांबलचक आहे, पण उद्गारचिन्हे वगळली तर मुद्दे मोजकेच उरतात. पृथ्वी थंड होताना, दुधावर साय धरावी तसा, सगळ्यांत आधी ग्रॅनाइट धरला आणि तोच खंडांचा मूळ पाया. आजवर एकाही शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत ग्रॅनाइट बनवता आलेला नाही. ग्रॅनाइटमधल्या अभ्रकात पोलोनियम या किरणोत्सर्गी मूलद्रव्याची वलये सापडतात आणि पोलोनियमचे अर्धायुष्य (निम्मे अणू नाहीसे व्हायला लागणारा वेळ) तीन मिनिटांचे, म्हणजे ग्रॅनाइट तीन मिनिटांत गोठला. नीस (पट्ट्यापट्ट्यांचा खडक) वगैरे रूपांतरित खडक म्हणजे तोच ग्रॅनाइट पुन्हा वितळून थिजलेला. खडकांची वये जीवाश्मांवरून काढतात आणि जीवाश्मांची खडकांवरून, म्हणजे सगळाच गोल गोल कारभार. ग्रॅनाइट आता जगात कुठेही तयार होत नाही. खंड लाव्ह्याच्या समुद्रावर तरंगत आहेत. आणि शेवटी, शास्त्रज्ञांचे आपसातच पटत नाही, तर त्यांचे ऐकायचे कशाला?

सायीपासून सुरुवात करू. ही कल्पना दडवलेली वगैरे नाही, उलट ती सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे आणि एके काळी वर्गावर्गांतून शिकवली जात असे. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात अब्राहम वेर्नर सांगत की ग्रॅनाइट हा आद्य महासागराच्या पाण्यातून सर्वांत आधी तळाशी बसलेला खडक, बाकीचे सगळे त्यावर नंतर साचलेले. वेर्नरला तो पाण्यातून हवा होता, आपल्या संदेशकर्त्याला वितळलेल्या रसातून हवा आहे. 'पहिला तोच' हा हट्ट मात्र दोघांचाही.

हा हट्ट मोडायला फार यंत्रसामग्री लागली नाही. १७८५ मध्ये जेम्स हटन स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्ट या दरीत गेला. नदीच्या पात्रात उघड्या पडलेल्या खडकात त्याला तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा काळपट शिस्टमध्ये, म्हणजे पापुद्र्यांच्या रूपांतरित खडकात, घुसलेल्या दिसल्या. शिरा वेड्यावाकड्या, कुठे फाटे फुटलेल्या, कुठे शिस्टचा तुकडाच तोडून पोटात घेतलेल्या. ज्याच्यात घुसायचे तो खडक आधी तिथे असावा लागतो, आणि घुसणारा वितळलेला असावा लागतो. एवढ्या एका निरीक्षणाने दोन गोष्टी निकालात निघाल्या: ग्रॅनाइट शिलारसातून बनतो, आणि तो सगळ्यांत पहिला असलाच पाहिजे असे नाही. हटन इतका हरखून गेला की बरोबरच्या वाटाड्यांना वाटले, याला सोन्याची नाहीतर चांदीची शीर लागली.

आणि साय धरलेला गोल खरोखर पाहायचा असेल तर तो रोज रात्री डोक्यावर असतो. चंद्राचा पृष्ठभाग सुरुवातीला खोलवर वितळलेला होता असे मानले जाते. तो थंड होताना फेल्डस्पार ही हलकी खनिजे वर आली आणि त्यांचा अनॉर्थोसाइट नावाचा पांढुरका खडक झाला. अपोलो मोहिमांनी आणलेल्या नमुन्यांत तो आहे. चंद्राचा उजळ दिसणारा भाग बहुतेक त्याचाच. ग्रॅनाइटच्या जातीचे जे काही तिथे सापडते ते किरकोळ, एखाद्या तुकड्यात किंवा एखाद्या जागी. म्हणजे 'वितळलेला गोल थंड झाला की ग्रॅनाइट धरतो' हा नियम शेजारच्याच घरी लागू पडत नाही.

मग पृथ्वीवर एवढा ग्रॅनाइट कुठून आला? इथे थोडे थांबायला हवे, कारण संदेशात गाळलेली खरी गोष्ट हीच आहे. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, अंशतः वितळले की त्यातून बेसॉल्ट निघतो, ग्रॅनाइट नाही. महासागरांचे तळ आजही असेच बनतात. अतिप्राचीन काळी प्रावरण आजच्यापेक्षा बरेच गरम होते, कारण युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सर्गी अणूंचा साठा तेव्हा जास्त होता. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनजवळ कोमाटी नदीच्या खोऱ्यात त्या काळचा लाव्हा सापडतो, त्याला कोमाटिआइट म्हणतात. तो सुमारे १६०० अंश सेल्सिअसला बाहेर पडला असावा. आजचा बेसॉल्ट १२०० च्या आसपास असतो.

तर असा बेसॉल्ट पाण्याच्या संपर्कात येतो, त्याच्या खनिजांत पाणी बांधले जाते, मग तो कोणत्या ना कोणत्या मार्गाने खोल गाडला जातो. तिथे दाब आणि उष्णतेने त्याचे रूपांतर होऊन अँफिबोलाइट होतो, आणखी खाली गार्नेट हे खनिज तयार होते. तापमान पुरेसे वाढले की हा खडक पूर्ण न वितळता थोडासाच वितळतो, आणि त्या थोड्याशा रसात सिलिका आणि सोडियम भरपूर असते. तो रस वर चढून गोठला की टोनालाइट, ट्रोंडजेमाइट, ग्रॅनोडायोराइट हे त्रिकूट मिळते. जगभरातल्या सर्वांत जुन्या खंडभागांचा मोठा हिस्सा या तिघांचा, आणि पुढे त्यांच्यापासून झालेल्या करड्या नीसचा आहे. दिसायला ते ग्रॅनाइटसारखेच, म्हणून दुरून सगळ्यांना ग्रॅनाइट म्हटले जाते. पण ज्याला भूशास्त्रात काटेकोरपणे ग्रॅनाइट म्हणतात, तो पोटॅशियमने समृद्ध खडक, त्याचे मोठे पीक बहुतेक ठिकाणी नंतर आले, जेव्हा ही आधीची करडी कवचे स्वतःच खालून वितळू लागली.

याचा पुरावा खडकाच्या रसायनातच असतो. इटर्बियमसारखी जड दुर्मिळ मूलद्रव्ये गार्नेटला फार प्रिय. वितळताना गार्नेट खालीच मागे राहिला तर ती मूलद्रव्येही त्याच्याबरोबर मागे राहतात, आणि वर आलेला रस त्यांच्याबाबतीत कंगाल निघतो. जुने टोनालाइट-ट्रोंडजेमाइट तपासले की नेमकी हीच कंगाली दिसते. पृष्ठभागावर धरलेल्या सायीत ती दिसण्याचे काही कारण नाही. ती दिसते याचा अर्थ हा रस कित्येक किलोमीटर खोलीवर, आधीच बनलेल्या आणि आधीच रूपांतरित झालेल्या खडकातून पिळून निघाला. म्हणजे 'आधी अग्निजन्य, नंतर रूपांतरित' हा सरळ क्रमसुद्धा खंडांच्या जन्मकथेत टिकत नाही.

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो. खंडांच्या बुडाशी बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइट आणि नीस असतात, हे संदेशातले वाक्य बरोबर आहे. गाळाचे थर किंवा बेसॉल्टची जाड चादर खोदत गेलात तर शेवटी त्यांच्यापाशीच पोचता. पण 'सगळ्यांत खाली' म्हणजे 'सगळ्यांत आधी आणि एकदाच' असे होत नाही. कर्नाटकात धारवाड खंडभागातला द्वीपकल्पीय नीस साधारण ३.४ ते ३ अब्ज वर्षांपूर्वीचा. त्याला चिरत उत्तर-दक्षिण सुमारे ४०० किलोमीटर पसरलेला क्लोजपेट ग्रॅनाइट अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा. दोघेही 'पाया'च, पण मधले अंतर किमान ५० कोटी वर्षांचे. शिवाय त्या नीसच्या पोटातही त्याच्याहून जुन्या, रूपांतरित झालेल्या गाळाचे आणि लाव्ह्याचे तुकडे अडकलेले सापडतात.

'प्रयोगशाळेत ग्रॅनाइट बनवता आलेला नाही' या वाक्यावर मात्र मला खरेच राग येतो, कारण ते तपासायला फार तर दहा मिनिटे लागतात. १९५८ मध्ये ओ. एफ. टटल आणि एन. एल. बोवेन या दोघांनी जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या ७४ व्या मेमॉयरमध्ये ग्रॅनाइटच्या उगमावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. खडकांच्या उगमावर हुज्जत घालणाऱ्या कुणालाही मी हे एकच काम पुढे करतो, बाकी काही वाचले नाही तरी चालेल. त्यांनी ग्रॅनाइटचे मुख्य घटक, म्हणजे सोडियमचे फेल्डस्पार, पोटॅशियमचे फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ, पाण्यासह बंद धातूच्या पात्रांत भरले आणि दाबाखाली तापवले. दोन प्रश्न होते: कोणत्या मिश्रणाला वितळायला सर्वांत कमी तापमान लागते, आणि पाण्याने त्यात काय फरक पडतो?

उत्तर असे आले की या तिघांच्या एका ठरावीक प्रमाणाला सर्वांत कमी तापमान पुरते. मग त्यांनी निसर्गातल्या शेकडो ग्रॅनाइटांची रासायनिक विश्लेषणे त्याच आलेखावर टिंबांच्या रूपात मांडली. टिंबे विखुरली नाहीत, त्या सर्वांत कमी तापमानाच्या जागेभोवती गर्दी करून बसली. ग्रॅनाइट जर योगायोगाने किंवा चमत्काराने एका फटक्यात झाला असता, तर त्याची रासायनिक घडण याच एका ठिकाणी येऊन थांबायचे कारण काय? कारण एकच: हे वितळण्या-गोठण्याच्या प्रक्रियेचे शेवटचे रस आहेत. कवचातला खडक तापू लागला की पहिला थेंब याच प्रमाणाचा सुटतो, आणि गोठताना शेवटचा थेंबही याच प्रमाणाचा उरतो.

आणि पाणी. कोरड्या ग्रॅनाइटला वितळायला साडेनऊशे अंशांच्या पुढे जावे लागते. तेच काही किलोमीटर खोलीवरच्या दाबाखाली पुरेसे पाणी असेल तर साधारण ६५० ते ७०० अंशांतच तो वितळू लागतो. एवढे तापमान खंडीय कवचाच्या तळाशी सहज गाठले जाते. इयन कॅम्बेल आणि रॉस टेलर यांनी १९८३ मध्ये याच धाग्यावर एक लेख लिहिला. त्याचा सारांश असा की पाणी नाही तर ग्रॅनाइट नाही, आणि महासागर नाहीत तर खंड नाहीत. आपल्या सूर्यमालेत ग्रॅनाइटचा एवढा साठा फक्त पृथ्वीवरच का, याचे सर्वांत पटणारे उत्तर मला हेच वाटते. 'साय' म्हणणाऱ्यांच्या गोष्टीत पाण्याला जागाच नाही.

हां, एक कबुली. स्वयंपाकाच्या ओट्याला बसवावा असा, बोटभर स्फटिकांचा मोठा ग्रॅनाइटचा ठोकळा कुणी प्रयोगशाळेत ओतून काढलेला नाही. प्रयोगांत स्फटिक बारीक राहतात, कारण पात्र लहान आणि प्रयोग आठवड्यांचे. पण या त्रुटीचे कारणच संदेशाच्या मुळावर येते. मोठ्या स्फटिकांना वेळ लागतो. तीन मिनिटे पुरत नाहीत.

तर आता ती तीन मिनिटे.

या दाव्याला खरा इतिहास आहे, म्हणून तो अधिक धोक्याचा. अभ्रकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कधी कधी बारीक ठिपक्यांभोवती काळसर गोल वलये दिसतात. डब्लिनच्या जॉन जोली यांनी १९०७ मध्ये त्यांचे कारण सांगितले: मध्यभागी किरणोत्सर्गी कण असतो, त्यातून सुटणारे अल्फा कण ठरावीक अंतर जाऊन थांबतात आणि थांबण्याच्या जागी अभ्रकाची जाळी बिघडवतात. प्रत्येक अणूच्या अल्फाची मजल वेगळी, म्हणून वलयाच्या त्रिज्येवरून अणू ओळखता येतो. पुढे अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्ट्री यांनी अशी हजारो वलये तपासली. काहींत युरेनियमच्या साखळीतली सगळी वलये नव्हती, फक्त शेवटच्या टप्प्यातल्या पोलोनियमची होती. १९७४ मध्ये त्यांची निरीक्षणे 'सायन्स' या नियतकालिकात छापून आली. एवढे संदेशात बरोबर आहे आणि वलये खोटी आहेत असे कुणी म्हणत नाही. पण पुढे जेन्ट्री यांनी काढलेला निष्कर्ष असा: पोलोनियम-२१८ चे अर्धायुष्य तीन मिनिटांचे, तेव्हा ते नाहीसे होण्याआधी खडक घट्ट झालेला हवा, म्हणजे ग्रॅनाइट क्षणात निर्माण झाला.

पहिली अडचण अशी की पोलोनियम आभाळातून पडत नाही. युरेनियम-२३८ पासून रेडियम, रेडियमपासून रेडॉन, रेडॉनपासून पोलोनियम, अशी ती साखळी आहे. रेडॉन हा वायू आहे, त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवस, आणि अभ्रक हे खनिज पापुद्र्यांवर पापुद्रे रचून बनलेले असते. जवळपास युरेनियम असेल तर त्यातून सुटलेला रेडॉन किंवा त्याची पुढची पिढी, फटींतून आणि पापुद्र्यांमधून पाझरणाऱ्या द्रवांबरोबर सरकते, एखाद्या ठिपक्यापाशी अडकते, आणि तिथे पोलोनियम होऊन आपले वलय उमटवते. नवा माल सतत येत राहिला तर वलय गडद व्हायला तीन मिनिटांचे बंधन उरतच नाही. खडक त्याआधी कित्येक कोटी वर्षे घट्ट असू शकतो.

दुसरी अडचण नमुन्यांची. कॅनडातले हौशी भूशास्त्रज्ञ जे. रिचर्ड वेकफील्ड यांनी जेन्ट्रींच्या काही नमुन्यांच्या मूळ जागा प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या आणि १९८८ मध्ये 'जर्नल ऑफ जिऑलॉजिकल एज्युकेशन'मध्ये लिहिले. जागा ओंटारिओतल्या बँक्रॉफ्ट परिसरातल्या, जो भाग युरेनियमच्या खाणींसाठीच ओळखला जातो. म्हणजे रेडॉन कुठून आला हा प्रश्नच मिटला. आणि काही अभ्रक तर ग्रॅनाइटमधला नव्हताच! तो कॅल्साइटच्या शिरांमधला होता, आणि त्या शिरा त्याआधीच्या खडकांना छेदून गेलेल्या. ज्यांना 'पृथ्वीचा पहिला पाया' म्हणून मिरवले, ते त्या भागातल्या खडकांतही शेवटून मोजायला हवे होते.

तिसरी अडचण मला सर्वांत मजेदार वाटते. त्याच जातीच्या अभ्रकांत युरेनियमची पूर्ण वाढलेली वलयेही असतात, सगळ्यांत बाहेरचे सुमारे ३४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येचे. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य ४.४७ अब्ज वर्षे. आजच्या वेगाने असे वलय पुरते उमटायला कोट्यवधी वर्षे लागतात. म्हणजे पोलोनियमचे घड्याळ मानायचे आणि बाजूचेच युरेनियमचे घड्याळ मानायचे नाही. विचारले तर उत्तर येते की पूर्वी युरेनियमचा ऱ्हास वेगाने होत असे. मग पोलोनियमचाही होत असेल, तीन मिनिटांना काय अर्थ राहिला?

आणि भौतिकशास्त्राचे राहू द्या, साधा हिशेब करा. खडकातून उष्णता फार हळू सरकते. उष्णताविसरणाचा अंक सेकंदाला दशलक्षांश चौरस मीटरच्या आसपास असतो. अंतराचा वर्ग करून त्याला या अंकाने भागले की थंड व्हायला लागणाऱ्या वेळाचा ढोबळ अंदाज मिळतो. एक किलोमीटरसाठी हे उत्तर ३० हजार वर्षांच्या वर जाते. पाच किलोमीटरसाठी त्याच्या २५ पट, म्हणजे सुमारे आठ लाख वर्षे. उलटा हिशेब केला तर तीन मिनिटांत उष्णता किती अंतर पार करते? जेमतेम १.३ सेंटीमीटर. चाळीस किलोमीटर जाडीच्या खंडाचा पाया राहिला बाजूला, अंगठ्याएवढा दगड नीट थंड होणार नाही.

शिवाय ग्रॅनाइटचाच रस खरोखर झटपट थंड झाला तर काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. ज्वालामुखीतून तो बाहेर आला की बारीक कणांचा ऱ्हायोलाइट होतो, आणि त्याहून घाईने गोठला की ऑब्सिडियन, काळी चकचकीत काच. रसायन जवळजवळ तेच, स्फटिक नावालाही नाहीत. ग्रॅनाइटच्या कोणत्याही तुटलेल्या पृष्ठभागावर उन्हात नजर टाका: फेल्डस्पारच्या सपाट चकाकणाऱ्या बाजू, त्यांच्यामधल्या उरलेल्या जागेत बसलेला धुरकट, बेढब क्वार्ट्झ, मध्ये अभ्रकाच्या काळ्या टिकल्या. क्वार्ट्झ बेढब आहे कारण त्याची पाळी शेवटी आली, तोवर ऐसपैस जागा फेल्डस्पारने बळकावली होती. हा क्रम डोळ्यांना दिसतो. एका क्षणात झालेल्या वस्तूत आधी-नंतर कुठून येणार?

पुढचा मुद्दा रूपांतरित खडकांचा, 'नीस म्हणजे ग्रॅनाइट पुन्हा वितळून थिजलेला'. वितळून थिजला तर तो अग्निजन्यच झाला, रूपांतरित कशाला म्हणायचे? रूपांतर होते ते खडक घट्ट असतानाच. दाब, उष्णता आणि कणांमधून फिरणारे थोडेसे द्रव यांच्यामुळे जुनी खनिजे मोडतात आणि त्यांच्याच अणूंतून नवी जुळतात. वितळणे सुरू झाले की मिग्मटाइट, म्हणजे अर्धवट वितळलेला मिश्र खडक, होतो, ती सीमारेषा. पाठ्यपुस्तकातला 'ग्रॅनाइट ते नीस' हा बाण खोटा नाही, पण तो अनेकांपैकी एक. चिखलाच्या खडकापासून स्लेट, शिस्ट आणि शेवटी नीसही होतो. पूर्व घाटातला खोंडालाइट पाहा. त्यात सिलिमनाइट आणि गार्नेट ठासून भरलेले असतात. एवढे ॲल्युमिनियम चिकणमातीच्या गाळातून येते. म्हणजे ज्याला अढळ पाया समजतात त्यातला काही भाग एके काळी पाण्यात साचलेला गाळ होता.

आणि हे रूपांतर अर्ध्यावर थांबलेले पाहायचे असेल तर कर्नाटकात कब्बलदुर्ग आहे. तिथल्या खाणीत करड्या पट्ट्यापट्ट्यांच्या नीसमध्ये मधेच हिरवट-तपकिरी, तेलकट दिसणारे डाग आहेत. डागाच्या कडेशी नीसचे पट्टे पुसट होत जातात आणि आत गेल्यावर नाहीसे होतात. तिथे अभ्रक आणि हॉर्नब्लेंड ही पाणी धरून ठेवणारी खनिजे मोडून पायरोक्सिन झाला आहे आणि नीसचा चार्नोकाइट झाला आहे. सी. एस. पिचमुथु यांनी १९६० मध्ये 'नेचर'मध्ये याची नोंद केली, तयार होता होता सापडलेला चार्नोकाइट म्हणून. (चार्नोकाइट हे नाव कोलकात्यातल्या जॉब चार्नोकच्या थडग्याच्या दगडावरून थॉमस हॉलंड यांनी दिले. भूशास्त्रज्ञ कुठे दगड शोधतील नेम नाही.) या डागांत कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या द्रवांचा किती हात आणि कोरडेपणाचा किती, यावर चर्चा झडल्या. पण एकाच हातभर दगडात अलीकडे नीस आणि पलीकडे चार्नोकाइट आहे आणि दोघांच्या मधली पायरीही आहे, हे पाहायला मते लागत नाहीत.

वयांचा 'गोल गोल कारभार' हा आरोप तर या खडकांना लागूच होत नाही. साडेतीन अब्ज वर्षांच्या नीसमध्ये जीवाश्म नसतात, मग जीवाश्मांवरून वय काढणार कसे? वय काढतात ते झिरकॉनवरून. केसाच्या जाडीचा किंवा त्याहून थोडा मोठा, चिवट स्फटिक. वाढताना तो युरेनियम आत घेतो आणि शिशाला जवळजवळ थारा देत नाही. नंतर त्यात जे शिसे सापडते ते युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले. त्यात घड्याळे दोन: युरेनियम-२३८ आणि ७० कोटी वर्षे अर्धायुष्याचा युरेनियम-२३५. दोन्ही वेगवेगळ्या गतीने चालतात आणि दोघांनी एकच वेळ दाखवली तरच वय ग्राह्य धरायचे. दाखवली नाही, तर शिसे मधे कधी गळाले याचाही अंदाज त्यातूनच निघतो. १९८० च्या दशकापासून कॅनबेराच्या विद्यापीठातल्या यंत्राने एकाच दाण्यावरच्या वेगवेगळ्या ठिपक्यांची वये मोजता येऊ लागली. दाण्याचा गाभा शिलारसात वाढलेला आणि त्याभोवतीची कड नंतरच्या रूपांतरात चढलेली असेल, तर दोन्ही वये वेगळी निघतात. अग्निजन्य जन्म आणि रूपांतर, दोन्ही तारखा एकाच दाण्यात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये असे ४.४ अब्ज वर्षांचे दाणे सापडले, आणि तेही मूळ खडकात नाहीत, सुमारे ३ अब्ज वर्षांपूर्वीच्या, पुढे रूपांतरित झालेल्या गोट्या-वाळूच्या खडकात. ज्या खडकात ते जन्मले तो केव्हाच झिजून गेला.

'ग्रॅनाइट आता कुठेच बनत नाही' यावर तीन नावे पुरेत. हिमालयातल्या गंगोत्रीजवळच्या शिखरांतला पांढुरका ग्रॅनाइट साधारण सव्वादोन कोटी वर्षांचा, म्हणजे डायनोसॉर संपल्यावर चार कोटी वर्षांनी आलेला. जपानमधला कुरोबेगावा ग्रॅनाइट सुमारे आठ लाख वर्षांचा, आणि तो पृष्ठभागावर उघडाही पडला आहे. जपानमध्येच काक्कोंडा इथे भूऔष्णिक ऊर्जेसाठी १९९० च्या दशकात ३.७ किलोमीटरहून खोल छिद्र पाडले. ते कोवळ्या ग्रॅनाइटमध्ये शिरले आणि तळाचे तापमान ५०० अंशांच्या वर गेले. डोळ्यांसमोर बनताना दिसत नाही, कारण बनतो तो कित्येक किलोमीटर खाली.

लाव्ह्याच्या समुद्राबद्दल एवढेच: भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि प्रावरणातून जातात, तेव्हा प्रावरण घन आहे. द्रव आहे तो बाह्य गाभा, सुमारे २९०० किलोमीटर खाली. खंड हलके असल्याने प्रावरणावर तोल सांभाळून असतात, या अर्थाने 'तरंगतात' म्हणायला हरकत नाही. घन प्रावरण अतिशय सावकाश वाहते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

राहिले शास्त्रज्ञांचे भांडण. ते आहे, आणि जोरात आहे. तो आद्य बेसॉल्ट खाली गेला कसा? एका भूपट्टाखाली दुसरा सरकून, की लाव्ह्याच्या थरांवर थर साचून जाड झालेल्या पठाराचा तळ आपोआप खचून? यावर दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत आणि मला स्वतःला एकच उत्तर सगळीकडे लागू पडेल असे वाटत नाही. ३ अब्ज वर्षांपूर्वी आजच्या किती टक्के खंड तयार होते, यावरचे आलेख तर एकमेकांना ओळखही देत नाहीत. कॅनडातल्या आकास्ता नीसचे ४.०३ अब्ज वर्षे हे वय बहुतेकांना मान्य आहे. क्वेबेकमधल्या नुव्वुआगिट्टुकच्या गडद खडकांना २००८ मध्ये ४.२८ अब्ज वर्षे वय दिले गेले, तेव्हा इतरांनी ते ३.८ च्या पुढे जात नाही म्हणून विरोध केला. २०२५ मध्ये त्याच पट्ट्यातल्या घुसलेल्या खडकांसाठी ४.१६ अब्जांचा नवा आकडा आला. घुसलेला खडक एवढा जुना असेल तर ज्याच्यात तो घुसला तो आणखी जुना, म्हणजे पुन्हा ग्लेन टिल्टचाच नियम. या आकड्यावरही हरकती येतील, आणि त्या घेणारे लोक त्याच टेकड्यांवरून नवे नमुने आणून झिरकॉन आणि निओडिमियम हे मूलद्रव्य मोजतील.